गाडीची चार पापं

"मोजा! माझ्याबरोबर मोजा!" पिकअपच्या हौद्यात उभा राहून ब्रदर डेलमर ओरडला.

बर्फावर दगड सरकवायच्या खेळासाठी बांधलेल्या कर्लिंग हॉलच्या पटांगणात साठ-सत्तर माणसं उभी होती. उणे सत्तावीस. भुवयांवर दंव साचलेलं, नाकपुड्या आतून चिकटलेल्या, पण घरी जायचं नाव कुणी घेईना. ब्रदरच्या हातात क्लेमांस मावशीच्या गाडीचा रिमोट होता. त्यानं तो आभाळाकडे उचलला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मावशीच्या जुन्या निळ्या गाडीचे दिवे लुकलुकले.

"एक!" लोक ओरडले. "दोन! तीन! चार!"

आणि संपलं. इंजिन हूं की चूं करेना.

"चार!" ब्रदरचा आवाज फाटला. "चार पापं, भावांनो! माणूस खोटं बोलतो, गाडी नाही बोलत! पहिलं पाप संशयाचं. दुसरं लोभाचं. तिसरं आळसाचं. आणि चौथं?"

"वायरीचं!" सगळे एका सुरात.

मागच्या रविवारी तिसरं पाप चहाडीचं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी दारूचं. पापांची यादी दर आठवड्याला बदलायची, दिवे मात्र प्रत्येक गाडीचे चारच वेळा लुकलुकायचे. दारुड्याच्या गाडीचे चार, पाद्र्याच्या बहिणीच्या गाडीचे चार. एवढी साधी गोष्ट साठ-सत्तर डोक्यांतल्या एकाही डोक्याला खटकत नव्हती. माझंही डोकं त्यात धरा. ब्रदर लबाड आहे हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, पण कसा, ते सांगता येत नव्हतं. आणि 'कसा' सांगता आलं नाही, की लबाडाचं फावतंच.

ब्रदर खाली उतरला. मावशीच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यानं आत हात घातला आणि रात्री विजेला जोडून इंजिन उबदार ठेवणाऱ्या हीटरची काळी वायर उपसून काढली. मेलेला साप धरावा तशी दोन बोटांत धरून ती सगळ्यांना दाखवली.

"ही बघा! रात्रभर भिंतीला बांधलेलं वासरू सकाळी धावेल का? वीज कंपनीवर विश्वास आणि देवावर नाही? क्लेमांस, तुझी ऊब या तारेत आहे की छातीत?"

"छातीत, ब्रदर," मावशी रडत म्हणाली.

एकाहत्तर वर्षांची बाई. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा नव्वद किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात जायचं, चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन परत यायचं. हे चुकलं तर माणूस किती दिवस जगतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ब्रदरनं रिमोट आपल्या सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी धरला आणि पाच मिनिटं गुणगुणला. मग दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून अंगातला सगळा भार टाकला. धाप्प! बॉनेट घट्ट बसलं. त्यानं बटण दाबलं.

गाडी सुरू झाली.

लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मावशीचा मुलगा रेमी बर्फात गुडघ्यांवर बसला. चाळिशीचा गडी, धान्याच्या कोठारावर पोती उचलणारा, पोरासारखा हुंदके देत होता. मग आईच्या नावाची चिठ्ठी लावून त्यानं ती वायर स्वतःच्या हातानं हॉलच्या भिंतीवर टांगली. तिथं आधीच एकेचाळीस वायरी लोंबत होत्या.

ब्रदरनं मावशीच्या हातात एक बारकी डबी ठेवली. आत पवित्र मलम, रोज रिमोटला चोळायचं. वीस डॉलर. वासावरून मी सांगतो, ते व्हॅसलीन होतं.

आमच्याकडे हे बटण म्हणजे काय चीज आहे, ते आधी सांगतो. सकाळी उठायचं, स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा मग घेऊन उभं राहायचं आणि तिथूनच बटण दाबून अंगणातली गाडी सुरू करायची. पंधरा मिनिटांत काच मोकळी होते, सीट बसण्यालायक होते. ज्याचं बटण चालत नाही, त्यानं उणे पस्तिसात बाहेर जाऊन दगड झालेल्या सीटवर बसून थरथरत किल्ली फिरवायची. म्हणून रिमोट बिघडला की माणूस चिडत नाही, घाबरतो.

आणि या नोव्हेंबरात गावातले रिमोट एकामागोमाग एक बंद पडले. एका पंधरवड्यात सत्तर. चार वेळा लुकलुक, आणि गाडी मुकी.

विचारायचं कुणाला? गावातले झाडून सगळे रिमोट एकट्या गार्थनं बसवलेले. गार्थ गुणी कारागीर, पण एक वाईट खोड. माहितीपुस्तिका गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. "वाचून डोकं कशाला शिणवतोस? मी आहे ना!" हा गार्थ ऑक्टोबरात हृदयविकारानं गेला. 'मी आहे ना' म्हणणाऱ्यांवर गाव चालवलं की असं होतं. तो गेला आणि गावाची अक्कलही त्याच्याबरोबर पुरली गेली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रदर डेलमर आला. बंद पडलेला कर्लिंग हॉल त्यानं भाड्यानं घेतला.

रविवारी वायर दिली. सोमवारी सकाळी उणे एकोणतीस. मावशीची गाडी कण्हत-कुंथत का होईना, सुरू झाली. रेमीनं गावभर फोन केले, "बिनवायरीची! रात्रभर बिनवायरीची उभी होती!" बुधवारी पारा उणे एक्केचाळिसावर उतरला. रेमीनं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. पुढं काहीच नाही.

मी शाळेची बस चालवतो. माझं घर मावशीच्या समोर. माझी पिकअप दारात सुरू होती. खिडकीतून मला रेमी दिसत होता, पण तो माझ्याकडे आला नाही. का? तर ब्रदरचा नियम. वायर अर्पण केल्यावर दुसऱ्याच्या वायरवाल्या गाडीत बसायचं नाही, नाहीतर चारही पापं दुपटीनं अंगावर येतात. ब्रदरनं फोनवर सांगितलं, "ही परीक्षा आहे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी स्वतः येतो. तिच्यासाठी गाडी आपण होऊन उठेल."

मावशीचा बुधवार बुडाला.

गुरुवारी दुपारी बसच्या शेडमध्ये नर्स सोल्वेग आली. छप्पन्न वर्षांची, याच गावात जन्मलेली, गावच्या दवाखान्यात एकटीच. आम्ही तिला सोल्वेगताई म्हणतो. ती कुणाला काहीच म्हणत नाही, सरळ कामाचं बोलते.

"एमिल, क्लेमांसचे पाय सुजून खांब झालेत. दम लागतोय. उद्याचा दिवस बुडाला तर हृदय थांबेल. शनिवार, फार तर रविवार."

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलव की!"

"बोलावली होती. अ‍ॅम्ब्युलन्सलाही वायर आहे म्हणाली आणि दार लावून घेतलं. शुद्धीवर आहे, मेंदू शाबूत आहे. जबरदस्तीनं नेता येत नाही."

"मी उचलून नेतो."

"आणि दारात रेमी आडवा येईल, त्याचं काय? गप्प बस. मला हे सांग, तुझा रिमोट चालतो ना?"

"चालतो."

"का?"

"का म्हणजे? नशीब."

"नशीब हे उत्तर मी पेशंटकडून घेत नाही, तुझ्याकडून कशाला घेऊ? साथ आली की मी तीन गोष्टी विचारते. कधीपासून, कुणाला झाली, कुणाला झाली नाही. ज्यांना झाली नाही त्यांच्यात सारखं काय, ते शोधायचं. सकाळपासून वीस घरी फोन केलेत. रिमोट चालतो तो तुझा, म्हाताऱ्या वासिलचा आणि पोलिसांच्या गाडीचा. तुम्हा तिघांत सारखं काय?"

मला हसू आलं. "आम्ही तिघंही चर्चला जात नाही."

"वासिल जातो. चल, गाडी दाखव."

माझी पिकअप शेडबाहेर होती. सोल्वेगताई तिच्यापुढे उभी राहिली, मग रस्त्यापलीकडे महिला मंडळाच्या डॉरिन काकूंच्या गाडीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्या गाडीकडे. आणि विचारलं, "तू गोधडी का नाही घेतलीस?"

हिवाळ्यात आम्ही गाडीच्या पुढच्या जाळीवर काहीतरी बांधतो, म्हणजे वारा थेट इंजिनाला लागत नाही. यंदा महिला मंडळानं त्यासाठी गोधड्या शिवल्या होत्या. सुंदर, रंगीत, तारे-तारे काढलेल्या, मापात चोख. मंडळाला मदत म्हणून सगळ्या गावानं घेतल्या. मी चिक्कू, मी पुठ्ठा बांधला आणि वायरीसाठी त्याला चाकूनं भोक पाडलं. वासिलनं घोड्याची जुनी झूल बांधली होती, तिला मुळातच तीन भोकं. पोलिसांना खात्यातून ताडपत्री येते, भोकासकट.

"गोधडीला भोक नाही," सोल्वेगताई म्हणाली.

"नाही."

"मग वायर बाहेर कुठून काढतात?"

मी डॉरिन काकूंच्या गाडीपाशी गेलो. जाळी गोधडीनं बंद. म्हणून वायर बॉनेटच्या कडेखालून बाहेर काढलेली. बोटभर जाड वायर, आणि तिच्यावर टेकलेलं बॉनेट. म्हणजे बॉनेट बोटभर उघडं.

आम्ही दोघं तडक गार्थच्या बायकोकडे गेलो. आर्लीननं तळघरातून खोकं काढून दिलं. आत नव्वद माहितीपुस्तिका, जशाच्या तशा. सहाव्या पानावर तक्ता होता. दोन वेळा दिवे लागले तर गिअर चुकीचा. तीन वेळा लागले तर ब्रेक दाबलेला. आणि चार वेळा, तर बॉनेट उघडं.

कुणी मेकॅनिक बॉनेट उघडून हात आत घालून काम करत असेल आणि घरात कुणी बटण दाबलं, तर त्याची बोटं तुटतील. म्हणून बॉनेटखाली एक खटका असतो. बॉनेट पुरतं बसलं नाही तर तो खटका इंजिन सुरूच होऊ देत नाही. एवढंच. गावानं गाड्यांच्या तोंडात वायर कोंबली होती आणि गाड्या बिचाऱ्या चार-चार वेळा डोळे मिचकावून सांगत होत्या, "अहो, बॉनेट लावा!" आणि आम्ही पश्चात्ताप करत होतो!

सोल्वेगताई हसली नाही. तिनं पान वाचून पुस्तिका आपल्या जाड पार्का-कोटाच्या खिशात घातली.

"म्हणजे तो वायर काढतो तेव्हा बॉनेट बसतं," मी म्हणालो.

"आणि बॉनेटवर हात आपटतो तेव्हा खटका दाबला जातो. छातीशी धरतो तेव्हा रिमोटमधला सेल गरम होतो, गारठलेला सेल नीट चालत नाही, तेही इथं लिहिलंय. आणि चमत्कार नेहमी हॉलवर होतो. लोक गाडी चालवत तिथं येतात, तासभर भजन. इंजिन अजून कोमट असतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर त्यानं कधी चमत्कार केलाय?"

नव्हता केला.

"उद्या करणार आहे," ती म्हणाली. "उणे त्रेचाळीस सांगितलंय."

शुक्रवारी नऊ वाजता मावशीच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली. बाकीच्यांच्या गाड्या सुरू झाल्या नव्हत्या. वायरी भिंतीवर, गाड्या दारात गोठलेल्या. वेंडेल नावाचा पासष्टीचा माणूस बुधवारी वाटेत गाडी बंद पडल्यावर चालत घरी निघाला होता. तो दवाखान्यात होता, डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. त्याच्यासाठीही ब्रदरनं प्रार्थना केली होती.

मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीत, खुर्चीत. चेहरा सुजलेला, ओठ राखाडी. तिच्यासमोर बॅनकची भाकरी न खाल्लेली. मी तिच्याजवळ आत उभा होतो. तिला अकराच्या आत गाडीत बसवायला हवं होतं. साडेबाराची तिची पाळी होती आणि रस्ता काचेसारखा.

ब्रदर आपल्या पिकअपमधून आला. इंजिन चालूच ठेवून उतरला. आधी गुणगुणला, मग रिमोट छातीशी धरला, मग बॉनेटवर तळवे. धाप्प!

टक्.

पुन्हा प्रार्थना. पुन्हा धाप्प.

टक्.

दिवे आता लुकलुकलेही नाहीत. रात्रभर उणे त्रेचाळिसात तेलाचं डांबर होतं, बॅटरीतली ताकद निम्म्याच्याही खाली जाते. देवानं मनात आणलं असतं तरी आधी त्याला हीटरच लावावा लागला असता.

ब्रदर वळला. नाचता येईना, अंगण वाकडं. "या घरात अजून एक वायर लपवलेली आहे!" तो गरजला. "मला जाणवतेय! रेमी, घर शोध!"

रेमी खरंच आत आला हो. आई समोर धापा टाकतेय आणि हा माणूस पलंगाखाली वायर शोधतोय! टोस्टरची वायर सापडली, ती बाहेर नेऊन दिली. ब्रदरनं ती बर्फात फेकली.

टक्.

"झालं?" सोल्वेगताईनं विचारलं. ती फाटकातून आत आली तेव्हा तिच्या हातात किराण्याची पिशवी होती. "आता माझी पाळी. एमिल, तुझा रिमोट क्लेमांसच्या हातात दे."

मी दिला.

"क्लेमांस, ऐकू येतंय ना? खिडकी बोटभर उघड, एमिल. क्लेमांस, दाब."

मावशीनं दाबलं. रस्त्यापलीकडे माझी पिकअप गुरगुरत उठली. लोकांत कुजबुज.

"बंद कर आता. हं." तिनं रस्ता ओलांडला, पिशवीतून लसणाचं सॉसेज काढलं, सव्वा हात लांब. माझं बॉनेट उचललं, कडेवर सॉसेज आडवं ठेवलं आणि बॉनेट त्यावर टेकवलं. "दाब!"

दिवे लुकलुकले. एक. दोन. तीन. चार.

लोक फाटकाकडे सरकले.

"सॉसेजनं काय पाप केलं, ब्रदर?" तिनं विचारलं. "लोभ की संशय?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सोल्वेगताईनं सॉसेज काढलं, बॉनेट दाबून बसवलं. "दाब!" इंजिन सुरू. "बंद कर. रेमी, इकडे ये. तुझ्या खिशात ब्रदरची पत्रकं आहेत ना? सगळी दे."

"सोल्वेगताई, ही पवित्र..."

"म्हणूनच मागतेय. ठेव तुझ्याच हातानं. इथं, कडेवर."

रेमीनं पत्रकांचा गठ्ठा ठेवला. मावशीनं कुणी न सांगता बटण दाबलं.

चार.

"अरे, पत्रकंसुद्धा पापी निघाली!" डॉरिन काकू ओरडल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे... आमच्या गोधड्यांमुळे?"

"गोधडीला भोक नाही, काकू. वायर बॉनेटखालून काढता, बॉनेट उघडं राहतं. हे घ्या, गार्थच्या पुस्तिकेत सहावं पान. मोठ्यानं वाचा."

काकूंनी वाचलं. चष्म्यावर दंव साचत होतं, त्या पुसत होत्या आणि पुन्हा वाचत होत्या.

"हे यंत्राचं ज्ञान आहे!" ब्रदर म्हणाला. "मी आत्म्याचं बोलतोय! यंत्राच्या पलीकडे..."

"मग आत्म्यासाठी बॉनेटच का आपटता?" सोल्वेगताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सहा आठवडे बघतेय. कधी डिकी नाही आपटलीत, कधी दार नाही, कधी टप नाही. नेमकं बॉनेट. आणि गावभर वायरी काढायला लावल्यात, मग ही तुमची पिकअप नऊ वाजल्यापासून चालूच का ठेवलीत? बंद करा ना. दोन तास थांबू. मग छातीशी धरून सुरू करा. सुरू झाली तर मी माझी वायर आणून तुमच्या भिंतीवर टांगते."

ब्रदरनं किल्लीला हात लावला नाही.

"करा की बंद!" रेमी म्हणाला.

"भावा, तुझा विश्वास..."

"मी सांगतो बंद कर!"

रेमीनं स्वतःच दार उघडून किल्ली फिरवली. मग पुढे आला, बॉनेट उचललं आणि बघत राहिला. मला घरातून दिसलं नाही, पण पाठीवरून कळलं. माणसाची पाठ कधी कधी तोंडापेक्षा जास्त बोलते.

आत नवी कोरी वायर होती. बॉनेटच्या कडेखालून नाही, खालच्या पत्र्याला भोक पाडून, क्लिपा लावून, बंपरच्या मागून सफाईनं बाहेर काढलेली. ज्याला चार लुकलुकींचा अर्थ ठाऊक आहे, तोच वायर तशी काढतो. पुढे पोलिसांना कळलं की हा बाबा अकरा वर्षं शहरात एका गॅरेजमध्ये रिमोट बसवण्याचंच काम करत होता.

"ही पिकअप भाड्याची आहे," ब्रदर म्हणाला.

मी पुष्कळ लबाड माणसं पाहिली. पण सापडल्यावर इतकं दरिद्री वाक्य बोललेला दुसरा पाहिला नाही.

रेमीनं त्याला हात लावला नाही. तो घरात आला, बूट न काढता, आणि आईच्या खुर्चीपुढे बसला.

"आई, मी..."

"रडायला नंतर वेळ आहे," मावशी म्हणाली. श्वास घेत घेत, एकेक शब्द. "माझा कोट दे. एमिल, तुझ्या गाडीत... सॉसेजचा वास तर येणार नाही ना?"

"येईल, मावशी."

"येऊ दे."

आम्ही दहा पन्नासला निघालो. रेमी मागं तिला धरून बसला होता. पन्नासाव्या किलोमीटरला तिचं बोलणं थांबलं, सत्तराव्याला तिनं डोळे मिटले. सोल्वेगताईनं फोन केला होता, म्हणून हॉस्पिटलच्या दारात माणसं उभी होती. बाराला तिला यंत्राला जोडलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आली. म्हणाली, "पोटॅशियम इतकं चढलं होतं, की आणखी एक रात्र निघाली नसती." रेमीनं विचारलं, "आणि बुधवारी आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाली, "बुधवारी आणलं असतं तर नेहमीचा बुधवार झाला असता."

मावशी पाच दिवसांनी घरी आली. वेंडेलची दोन बोटं परत आली नाहीत. ब्रदर डेलमर त्याच शुक्रवारी दुपारी उत्तरेला निघून गेला. माझ्या कानावर आलंय की तिकडे तो आता घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या बऱ्या करतो, रीतसर, पापांसकट.

आणि आमच्या गावात अजून काही शहाणे म्हणतात, "ते काही असो, पण त्या रविवारी गाडी सुरू तर झाली होती ना?"

झाली होती! कोण नाही म्हणतं? चमत्काराचा धंदा पूर्ण खोट्यावर चालत नाही, खऱ्याच्या एका तुकड्यावर चालतो. गाडी खरंच सुरू होते, आणि तिथंच आपण विचार करायचं थांबतो. 'झालं' एवढं पाहिलं की पोट भरतं आपलं, 'कसं झालं' हे विचारायला लाज वाटते. सत्तर घरं होती. सत्तर शिकलेली, ट्रॅक्टर उघडून जोडणारी, बर्फाचा थर पावलानं ओळखणारी माणसं. त्यांतल्या एकानं जरी दोन महिन्यांत वाकून बॉनेटची कड पाहिली असती, तर वेंडेलला दहा बोटं असती.

तुमच्या गावात असलं काही असेल, आणि ते आहेच, तर माझं एवढं ऐका. देव मानायचा तर माना, मावशी अजून मानते. पण कुणी तुमची वायर, तुमचं औषध, तुमचा दवाखाना सोडायला सांगितला, की त्याला सगळ्यांसमोर उभा करा आणि विचारा, "तू सोडलंस का?" त्यानं उत्तर दिलं तरी थांबू नका. स्वतः पुढे व्हा, बॉनेट उचला आणि आत बघा.